मायग्रेनच्या नव्या गोळ्या, त्यांची पेटंटं आणि जेनेरिक कंपन्यांची आव्हानं

मुक्ता_गंगापूररोड :

मायग्रेनच्या नव्या गोळ्यांच्या पेटंटांना जेनेरिक कंपन्यांनी अमेरिकेत आव्हान दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यात भारतीय कंपन्याही असतात. बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली की दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, दुसऱ्याच्या शोधावर डल्ला मारणं हाच आपल्या कंपन्यांचा धंदा. दुसऱ्याचं म्हणणं, चला, आता गोळी स्वस्त झाली. या आव्हानात प्रत्यक्ष काय घडतं ते कुणीच सांगत नाही. ज्याचं डोकं दुखतं त्याला तर तेच कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नाशिकच्याच एका औषध कंपनीत रेग्युलेटरी विभागात आहे. परदेशातल्या मंजुरीसाठी लागणारी कागदपत्रं तयार करणं हे माझं काम. आणि मायग्रेन मला कॉलेजात असल्यापासून आहे.

आधी औषधं. ट्रिप्टान ही जुनी पिढी. त्यातलं पहिलं सुमाट्रिप्टान. ग्लॅक्सोमधल्या पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने ते शोधलं आणि १९९१ मध्ये ते युरोपात आलं. (आपल्या नाशिकच्या अंबडला जिचा कारखाना आहे, तीच ग्लॅक्सो.) त्याआधी अर्गोटामाइन आणि साधी वेदनाशामकं यावरच भागवावं लागायचं. ट्रिप्टानमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना ती देता येत नाहीत.

नवी पिढी सीजीआरपीची. मायग्रेनच्या झटक्यात ट्रायजेमिनल नसेतून सीजीआरपी नावाचं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन, बाहेर पडतं. मायग्रेनमागची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. या पेप्टाइडचा मार्ग अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे गेपँट. उब्रोजेपँटला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, रिमेजेपँटला फेब्रुवारी २०२० मध्ये, अटोजेपँटला सप्टेंबर २०२१ मध्ये. यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावत नाहीत. रिमेजेपँट ज्या बायोहेवन कंपनीचं होतं ती फायझरने २०२२ मध्ये ११.६ अब्ज डॉलरला घेतली. यात पैसा किती आहे ते यावरून समजावं.

आता आव्हान. अमेरिकेत १९८४ साली हॅच-वॅक्समन कायदा झाला. मूळ कंपनीने आपल्या औषधावरची पेटंटं सरकारी यादीत नोंदवायची. या यादीला ऑरेंज बुक म्हणतात. जेनेरिक कंपनीला मंजुरीचा अर्ज करताना त्या यादीतल्या प्रत्येक पेटंटबद्दल लेखी भूमिका घ्यावी लागते. चार पर्याय असतात आणि चौथा सगळ्यात गाजलेला, 'पॅराग्राफ फोर'. त्यात कंपनी म्हणते की हे पेटंट मुळात वैध नाही, किंवा आमची गोळी त्याचा भंग करत नाही. आणि हे मूळ कंपनीला नोटीस देऊन कळवावं लागतं. चोरून काही नसतं. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत मूळ कंपनीने दावा ठोकला, तर एफडीए, म्हणजे अमेरिकेचं औषध नियंत्रण खातं, ३० महिने अंतिम मंजुरी देऊ शकत नाही. मध्येच न्यायालयाचा निकाल लागला तर गोष्ट वेगळी. जी जेनेरिक कंपनी असं आव्हान सगळ्यात आधी देते, तिला १८० दिवस इतर जेनेरिकांशिवाय बाजार मिळतो. पहिल्या दिवशी अर्ज करायला जी धावपळ चालते ती या १८० दिवसांसाठी.

नव्या रेणूला, म्हणजे नव्या औषधी घटकाला, मंजुरीपासून पाच वर्षांचं वेगळं संरक्षण असतं, पण पॅराग्राफ फोरचा अर्ज चार वर्षं झाली की करता येतो. म्हणजे उब्रोजेपँटसाठी हा रस्ता डिसेंबर २०२३ ला मोकळा झाला आणि रिमेजेपँटसाठी फेब्रुवारी २०२४ ला. बातम्या त्यानंतरच का वाढल्या ते यात आलं. या पाचव्या वर्षात अर्ज येऊन दावा लागला, तर स्थगिती मूळ मंजुरीपासून साडेसात वर्षांपर्यंत ताणली जाते. हिशेब केला तर २०२७ चं मध्य येतं. तेव्हा बातमी आली म्हणून उद्या गोळी स्वस्त, असं काही नसतं.

आव्हान दिलं की जेनेरिकवाले जिंकतातच, हाही एक समज आहे. मायग्रेनचीच तीन उदाहरणं देते. सुमाट्रिप्टानच्या गोळीवरून डॉ. रेड्डीज आणि ग्लॅक्सो यांच्यात दावा चालला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार डॉ. रेड्डीजने २००८ च्या अखेरीस ग्लॅक्सोच्याच संमतीने जेनेरिक आणलं. दुसरं टोपिरामेट. ते मूळचं अपस्माराचं औषध. २००४ मध्ये मायग्रेन टाळण्यासाठीही मंजूर झालं. मायलन या जेनेरिक कंपनीने त्याच्या पेटंटला आव्हान दिलं आणि २००८ मध्ये अपिलातही हरली. तिसरं ट्रेक्सिमेट, म्हणजे सुमाट्रिप्टान आणि नॅप्रोक्सेन एकाच गोळीत. दोन्ही घटक जुने, तरीही टेक्सासच्या न्यायालयाने २०११ मध्ये पेटंट वैध ठरवलं आणि २०१२ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. पार फार्मास्युटिकल, डॉ. रेड्डीज वगैरे कंपन्यांना थांबावं लागलं.

ट्रेक्सिमेटबद्दल मला अजूनही चीड येते. सुमाट्रिप्टानच्या सुट्या गोळ्या २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या. ट्रेक्सिमेटमध्ये ८५. त्यामुळे दोन स्वस्त गोळ्या शेजारी ठेवून हुबेहूब तोच डोस तयार होत नाही. औषधशास्त्राच्या दृष्टीने या फरकाने पेशंटला काय जास्तीचं मिळालं, याचं पटेल असं उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. रेणू शोधणाऱ्याला त्याचा पूर्ण मोबदला मिळावा. पण त्याच रेणूभोवती त्याच्या क्षाराची (सॉल्टची), रूपाची, डोसची, वापराच्या पद्धतीची एकेक पेटंटं रचून मुदत लांबवली जाते, तेव्हा ती तपासून घेणारं कुणीतरी हवंच. आज ते काम जेनेरिक कंपन्या करतात, स्वतःच्या फायद्यासाठी का होईना. प्रश्न असा की त्यातून नाशिकच्या पेशंटला काय मिळतं? यावर बोलूया.

सातपूरकर :

ताई, माहिती चांगली दिलीत, पण एक बाजू राहिली. मी औषध कंपनीच्या क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता विभागात, बरीच वर्षं काढली आहेत. गेपँटचा इतिहास बघा. पहिलं ओल्सेजेपँट, ते फक्त शिरेतून देता यायचं, बाजारात आलंच नाही. मग मर्कचं टेल्काजेपँट. मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पण यकृताची एन्झाइम्स वाढायला लागली आणि २०११ मध्ये मर्कने ते सोडून दिलं. त्या सगळ्या खर्चाची भरपाई कुणी केली? उब्रोजेपँट आणि अटोजेपँटसुद्धा मूळचे मर्ककडचेच रेणू. २०१५ मध्ये त्यांनी ते ॲलर्गनला विकले. एवढ्या पडझडीनंतर एखादं औषध हाती लागतं आणि चार वर्षं होत नाहीत तोच दहा जण नोटिसा घेऊन दारात उभे. बाग लावायची एकाने आणि माल तोडायला दुसऱ्याने यायचं, हे मला पटत नाही.

बीफार्म_फायनल :

वाचनखूण साठवली. मुक्ताताई, बायोइक्विव्हॅलन्समध्ये, म्हणजे जेनेरिक मूळ गोळीच्या तोडीचं आहे का या चाचणीत, ८० ते १२५ टक्के असतं ना? म्हणजे जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असलं तरी चालतं? आमच्या वर्गात यावर रोज वाद होतात.

दिंडोरी_द्राक्षबाग :

बागेचं उदाहरण निघालंच आहे तर मी लिहितो, कारण आमची खरीच बाग आहे. परदेशातली नवी वाणं आता आपल्या भागातही आली आहेत आणि त्यांची रॉयल्टी द्यावी लागते. ज्याने वाण शोधलं त्याला पैसे मिळाले पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण थॉम्सनसारख्या जुन्या वाणाची रॉयल्टी उद्या कुणी मागायला लागला, का तर आम्ही छाटणीची नवी तारीख काढली, तर त्याला गावात उभं तरी करतील का? मुक्ताताईंचं म्हणणं मला असंच समजलं.

आता माझा प्रश्न. आमच्या घरात मंडळींना अर्धशिशीचा फार त्रास आहे. छाटणीचे दिवस, ऊन, त्यात जेवणाची वेळ टळली की डोकं धरलंच. गावात मेडिकलवाला जी डोकेदुखीची गोळी देतो ती खाऊन दिवस काढायचे. महिन्यातून किती वेळा होतं ते सांगायचीही सोय नाही, इतकं ते रोजचं झालंय. या नव्या गोळ्या मिळतात का, आणि परवडतील का?

डॉ_देवळालीकॅम्प :

दिंडोरीकर, आधी तुमच्याशी बोलतो, बाकी चर्चा चालू राहू दे.

वहिनींना एकदा न्यूरोलॉजिस्टला किंवा निदान चांगल्या फिजिशियनला दाखवा. रोज डोकं दुखणं आणि रोज गोळी, हे वेगळंच दुखणं असू शकतं. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधाच्या अतिवापरानेच डोकं दुखायला लागतं. मग गोळी वाढवाल तसं दुखणं वाढतं. माझ्याकडे खेड्यांतून येणाऱ्या बायकांमध्ये हे सर्रास दिसतं. मायग्रेन मुळातच बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आहे, आणि घरात झोपून राहायची सवलत त्यांनाच सगळ्यात कमी.

झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधं आहेत. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. सगळी पेटंटमुक्त, सगळी स्वस्त. पण स्वतःच्या मनाने नको. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, गरोदरपणाचा विचार असेल तर टोपिरामेट टाळायचं. सुमाट्रिप्टान जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि आपल्याकडे ते अनेक कंपन्यांचं मिळतं. ते झटका सुरू होताच घ्यायचं असतं. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी.

डोकं एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, सोबत ताप आला, हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.

गेपँट कुणासाठी, तर ज्यांना ट्रिप्टान लागू पडत नाहीत किंवा हृदयविकारामुळे देता येत नाहीत अशांसाठी. माझ्या ओपीडीत असे पेशंट आहेत. त्यांना मी नाव सांगतो, ते किंमत विचारतात आणि विषय तिथे संपतो. या धाग्यात मला रस आहे तो त्यांच्यासाठी.

गोळेकॉलनी_होलसेल :

डॉक्टरसाहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. गोळे कॉलनीत आमचं होलसेलचं दुकान आहे. ट्रिप्टानची मागणी उन्हाळा लागला की वाढते. रायझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान दोन्ही चालतात, आणि एकाच औषधाच्या दोन ब्रँडांच्या छापील किमतीत फरक केवढा, ते बघून गिऱ्हाईक आम्हालाच विचारतं की हे खरं का ते खरं.

मुक्ताताई, अमेरिकेतला फार्मासिस्ट ब्रँड लिहिला असला तरी त्याचं जेनेरिक देऊ शकतो. तिकडे जेनेरिक आल्या आल्या भाव पडतात ते म्हणून. आपल्याकडे औषध नियमांतला ६५(११ए) सांगतो की शेड्यूल एचचं (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं) औषध चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच द्यायचं, घटक तोच असला तरी बदलायचं नाही. म्हणजे डॉक्टरांनी महागडा ब्रँड लिहिला की काउंटरवरच्या माणसाचे हात बांधलेले.

दुसरी गोष्ट बाहेर कुणी बोलत नाही. ट्रेड जेनेरिक म्हणून, म्हणजे डॉक्टरांकडे प्रचार न करता थेट दुकानांना विकला जाणारा, जो माल येतो त्याच्यावर एमआरपी ब्रँडच्या जवळपासची छापलेली असते आणि दुकानदाराला तो त्याच्या कितीतरी खाली पडतो. स्ट्रिप हातात घेऊन बघा, मागे छापलेली किंमत आणि बिलातला खरेदी दर यांचा मेळच बसत नाही. मधला पैसा पेशंटपर्यंत पोचतो का, हे त्या त्या दुकानदारावर. तेव्हा तिकडे पेटंट पडलं तरी इथे पेशंटचा खिसा वाचेलच असं नाही. जनऔषधी केंद्रात छापील किंमतच कमी असते, तिथे हा घोळ नाही. दिंडोरीकर, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून मागा. डॉक्टर देतात.

मुक्ता_गंगापूररोड :

@बीफार्म_फायनल, हा गैरसमज पास झालेल्या लोकांमध्येही आहे, म्हणून नीट लिहिते. गोळीतल्या औषधाचं प्रमाण २० टक्के कमी चालतं, असं नाही. गोळीत औषध लेबलवर लिहिल्याइतकंच असावं लागतं, त्याची मर्यादा फार काटेकोर असते. ८० ते १२५ हे रक्तातल्या पातळीच्या गुणोत्तरासाठी आहे. मूळ गोळी आणि जेनेरिक त्याच माणसांना आळीपाळीने देतात, रक्तातली सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण मोजतात आणि दोघांचं गुणोत्तर काढतात. त्या गुणोत्तराचा ९० टक्क्यांचा विश्वासांतर पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) पूर्णपणे ८० आणि १२५ च्या आत बसला पाहिजे. सरासरी ८५ आली तर पट्ट्याचं खालचं टोक बहुधा बाहेर जाईल आणि अभ्यास नापास होईल.

रिमेजेपँटच्या बाबतीत तर गोळी बनवणं हेच मोठं काम आहे. ती जिभेवर विरघळणारी आहे, पण दाबून बनवलेली नव्हे. औषधाचं द्रावण ब्लिस्टरच्या खळग्यात ओततात, तिथेच गोठवतात आणि निर्वातात बर्फ उडवून लावतात. मागे राहते ती जाळीदार, अगदी हलकी वडी. नेहमीच्या गोळीसारखी अंगठ्याने मागून ढकलली तर तिचा भुगा होतो, म्हणून वरचा पापुद्रा सोलून, कोरड्या हाताने उचलायची. ओलावा तिला अजिबात सोसत नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत अशी वस्तू पॅक करायची तर खोलीतली आर्द्रता किती खाली ठेवावी लागेल, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. मूळ कंपनीचं तंत्र वापरायचं नाही, त्याच्या पेटंटच्या बाहेर राहायचं, आणि तरी रक्तातला आलेख जुळला पाहिजे. 'भंग होत नाही' हे वाक्य नोटिशीत लिहिण्याआधी एवढं काम प्रयोगशाळेत झालेलं असतं. याला चोरी म्हटलं की त्या टेबलांवर बसणाऱ्या मुलामुलींबद्दल मला वाईट वाटतं.

@सातपूरकर, टेल्काजेपँटचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे, मी ते आधीच लिहायला हवं होतं. रेणूच्या पेटंटवर माझा आक्षेप नाही. आणि गंमत बघा, टेवा ही जगातल्या सगळ्यात मोठ्या जेनेरिक कंपन्यांपैकी एक, पण मायग्रेनच्या इंजेक्शनच्या बाबतीत तीच पेटंटधारक म्हणून एली लिली या औषध कंपनीच्या विरोधात न्यायालयात गेली. बोस्टनच्या ज्यूरीने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला १७ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. इथे चांगले आणि वाईट असे दोन कायमचे पक्ष नाहीत. म्हणून प्रत्येक पेटंट सुटं तपासायला हवं.

सातपूरकर :

प्रत्येक पेटंट सुटं तपासायचं, हे मान्य. माझा राग तडजोडींवर जास्त आहे. आव्हान द्यायचं, मग मूळ कंपनीने काहीतरी द्यावं आणि यांनी अमुक तारखेपर्यंत थांबावं. मग तपासणी कुठे झाली? पेशंटला दोघांनीही विचारलेलं नसतं.

ॲड_शरणपूर :

सातपूरकरांचा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१३ च्या ॲक्टाव्हिस प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की उशिरा येण्याबद्दल मूळ कंपनीने जेनेरिकला मोठी रक्कम देणं हे स्पर्धा कायद्याखाली तपासता येतं. त्यानंतर उघड पैशाचे व्यवहार कमी झाले, तरी तारखा ठरवणाऱ्या तडजोडी होतातच.

आता भारताकडे येऊ, कारण मूळ प्रश्न नाशिकच्या पेशंटचा आहे. अमेरिकेतल्या निकालाचा भारतातल्या पेटंटवर थेट काहीही परिणाम होत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयात एखादं पेटंट रद्द झालं तरी भारतातलं चालू राहतं, आणि उलटही.

ट्रिप्टान आपल्याकडे इतक्या कंपन्यांची का मिळतात? १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळत होतं. १ जानेवारी २००५ पासून उत्पादनावरचं पेटंट परत आलं. सुमाट्रिप्टान त्याच्या आधीचं, गेपँट त्याच्या नंतरची. डॉक्टरांच्या ओपीडीत किमतीचा विषय जिथे संपतो, त्याचं मूळ त्या तारखेत आहे.

पण २००५ ला संसदेने काही खिडक्या उघड्या ठेवल्या. कलम ३(डी): माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप काढलं तर गुणकारिता ठळकपणे वाढल्याचं दाखवा, नाहीतर पेटंट नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या प्रकरणात १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर पेटंट नाकारलं. कलम ३(ई): घटकांचं नुसतं मिश्रण चालत नाही. कलम ३(आय): उपचाराच्या पद्धतीवर पेटंट नाही. मुक्ताताईंच्या ट्रेक्सिमेटला इथे ३(ई) ची पायरी चढणं जड गेलं असतं, असं माझं मत. कलम १०७ए: पेटंट चालू असतानाही मंजुरीच्या कागदपत्रांसाठी औषध बनवता येतं. सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतली जेनेरिकची तयारी याच कलमाच्या आधाराने चालते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम २५(१). पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. कंपनी असायची गरज नाही. टीबीच्या बेडाक्विलिन या औषधावर पेटंटची मुदत वाढवणारा दुसरा अर्ज होता. त्याला विरोध करणाऱ्यांत टीबीतून बऱ्या झालेल्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले होत्या. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मंजुरीनंतर विरोध करायचा तर एक वर्षाची मुदत असते आणि तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो.

हा दरवाजा २०२४ च्या नियमांनी अरुंद केला आहे. मंजुरीआधीच्या विरोधाला आता शुल्क आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे का हे पेटंट कार्यालयाचा कंट्रोलर सुरुवातीलाच ठरवतो. मला हा बदल मुळीच मान्य नाही. पेशंट संघटनेकडे ना वकील असतो ना पैसा.

गोळेकॉलनी_होलसेल :

वकीलसाहेब, मग सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही सरकारने दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणं? नॅटकोचं कॅन्सरच्या गोळीचं झालं होतं ना?

ॲड_शरणपूर :

हो, मार्च २०१२, नेक्साव्हर. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० वर आला. पण त्यानंतर त्या कलमाखाली दुसरा परवाना निघालेला नाही. मायग्रेनसाठी तो मिळेल अशी आशा मी ठेवणार नाही. लोक या दुखण्याला दुखणंच मानत नाहीत.

आणखी एक. पेटंट असलेल्या नव्या औषधाला विक्री सुरू झाल्यापासून पाच वर्षं किंमत नियंत्रणातून सूट आहे. फायझरने रिमेजेपँट २०२५ मध्ये भारतात आणलं. तेव्हा किमतीवर सरकारी वेसण लगेच येईल असंही नाही.

पंचवटी_८७ :

+१. वकीलसाहेबांचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाकावा.

दिंडोरी_द्राक्षबाग :

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून मंडळींना दाखवलं. त्या म्हणाल्या, गोळी रोज घेते हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, यांना कसं कळलं. येत्या आठवड्यात नाशिकला आणतो. होलसेलवाले दादा, औषधाचं नाव लिहून मागायचं, हे लक्षात ठेवलं.

डॉ_देवळालीकॅम्प :

येताना एक वही आणा. ज्या दिवशी दुखलं त्या दिवशी खूण, त्या दिवशी काय घेतलं ते, पाळीची तारीख. एवढं असलं तरी अर्धं निदान होतं. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, ती घेऊन या, त्यावरूनच कळेल काय काय पोटात गेलंय.

मुक्ता_गंगापूररोड :

ॲड. शरणपूर, तुमच्या प्रतिसादानंतर एक काम डोक्यात आलं आहे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास म्हणून शोधयंत्र आहे. अर्जदाराच्या किंवा शोधाच्या नावाने शोधलं की अर्ज, परीक्षण अहवाल, त्याला कंपनीने दिलेलं उत्तर, सगळं पाहता येतं. गेपँटचे भारतातले अर्ज तिथून काढून त्यांची तीन भागांत विभागणी करायची: रेणूचे, गोळीच्या रूपाचे किंवा डोसचे, आणि आधीच फेटाळलेले किंवा सोडून दिलेले. पहिल्या भागाला आपण हात लावायचा नाही. दुसऱ्यातले जे अजून मंजूर झालेले नाहीत त्यांचे दावे (क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते) वाचायचे.

वाचायला मला माणसं लागतील. @सातपूरकर, तुम्ही मूळ कंपनीची बाजू मांडणारे आहात, म्हणून तुम्ही हवेच आहात. जे पेटंट तुम्हालाही कमकुवत वाटेल ते खरंच कमकुवत असणार. @बीफार्म_फायनल, तुमच्या वर्गातली कुणी तयार असतील तर सांगा, दावे कसे वाचायचे ते मी दाखवीन.

सातपूरकर :

चालेल. फॉर्म्युलेशनचे, म्हणजे गोळीच्या रूपाचे, अर्ज माझ्याकडे द्या. पण रेणूच्या पेटंटला हात लावायचा नाही ही अट धाग्यावर लिहून ठेवा.

ॲड_शरणपूर :

अर्जांचे क्रमांक आले की कायदेशीर स्थिती मी बघतो. मंजूर झालेला एखादा असेल तर मंजुरी प्रसिद्ध झाल्याची तारीख आधी पाहा, विरोधाचं एक वर्ष त्या तारखेपासून मोजतात.

बीफार्म_फायनल :

आम्ही चौघं आहोत. रविवारी चालेल का?

मुक्ता_गंगापूररोड :

चालेल. यादी तयार झाली की इथेच टाकते. सातपूरकरांची अटही सगळ्यात वर लिहिते.